पडलेल्या कैऱ्या

संपादकांचे पत्र आले, ‘दिवाळीचा अंक आहे, तेव्हा ह्या खेपेला काहीतरी गोड येऊ द्या.’ पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गेले, बरणीचा दादरा सोडला, एक फोड तोंडात टाकली आणि ठरवून टाकले, की ह्या खेपेला लोणच्यावरच लिहायचे. संपादक थोडे रागावतील. पण वाचकहो, तुम्हीच सांगा. वसुबारसेपासून लाडू, करंज्या, शंकरपाळे, अनारसे आणि पुन्हा लाडू असा मारा सुरू झाला, की भाऊबीज उजाडेपर्यंत घरातले प्रत्येक माणूस काय मागते? ‘आज नुसता वरणभात कर गं, आणि बरोबर लोणचं वाढ!’ चार दिवस कौतुक लाडवाचे होते आणि पाचव्या दिवशी आठवण लोणच्याची येते.

शिवाय यंदाच्या लोणच्यामागे एक हकिकत आहे. ती सांगायची म्हणजे स्वतःची फजिती चव्हाट्यावर मांडायची. पण ह्या सदराच्या वाचकांना माझ्या फजितीची आता सवय झाली आहे, तेव्हा हरकत नाही.

आमच्या घरात लोणचे घालायचा मान सासूबाईंचा. मी सून होऊन आले तेव्हापासून तो २०१९ साली त्या गेल्या तोपर्यंत ह्या कामात माझी नेमणूक एकच होती, ती म्हणजे फोडी पुसणे. मेच्या पंचवीस तारखेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागले, की त्या पंचांग मिटून कैरीच्या मागे लागत, आणि मृगाचा पाऊस यायच्या आत बरणीला दादरा बांधून मोकळ्या होत. बरणी त्यांच्या माहेरची, चिनी मातीची, गळ्याशी तपकिरी आणि अंगाने पिवळट पांढरी. तिला आधी उन्हात ठेवायचे, मग निखाऱ्यावर हिंग टाकून आतून धुरी द्यायची. मीठ किती घालायचे म्हणून विचारले, तर ‘लागेल तितकं’ असे उत्तर मिळे. ओल्या हाताने बरणीच्या आसपास कुणी फिरकले तर त्याची धडगत नसे. त्यांच्या सोवळ्याला मी मनातल्या मनात फार हसत असे. पुढे कळले, की त्यातले निम्मे सोवळे म्हणजे नुसता कोरडा हात होता.

त्या गेल्या आणि बरणी माळ्यावर गेली. घरात दुकानातल्या बाटल्या येऊ लागल्या. त्यांना मी नावे ठेवत नाही, अडीनडीला त्याच उपयोगी पडतात. पण एक दिवस ह्यांनी जेवता जेवता फोड चावली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘आईच्या लोणच्यातली कैरी कुठल्या झाडाची आहे, ते तिला ठाऊक असायचं.’ एवढेच म्हणाले. नवऱ्यांना टोमणा मारता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्याकडे एकदा जेवायला यावे.

मी निमूटपणे बरणी माळ्यावरून खाली काढली. आता कैरी कुठून आणायची? मंडईत मिळते, पण मला झाडाचा पत्ता हवा होता. आमच्या कोथरूडात आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे मी जाऊ लागले. तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावी असा बाजार आता भरत असेल. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि शेतकऱ्याला आपला माल टेम्पोत घालून शहरात आणणे नि गिऱ्हाइकाच्या हातात थेट देणे पुष्कळ सोपे झाले. मध्ये आडत्या नाही, तोलाई नाही. पुरंदरहून अंजीर आणि सीताफळे येतात, जुन्नरहून भाजी येते, मुळशीहून तांदूळ आणि गावठी आंबे येतात. ज्या माणसाने भेंडी तोडली तोच ती तोलून देतो. काल पाऊस पडला का, कीड पडली का, सगळे तोंडी कळते.

आणि तरीही वाचकहो, आपण तिथे जातो आणि घासाघीस करतो. कापडाच्या मोठ्या दुकानात जो भाव चिठ्ठीवर लिहिला असेल तो आपण मुकाट्याने देतो, आणि कोथिंबिरीच्या जुडीपाशी आपल्याला अर्थशास्त्र आठवते. मी काही ह्याला अपवाद नव्हते. उलट त्या बाबतीत मैत्रिणींत माझा लौकिक होता.

तर ही गोष्ट २०२४ सालच्या मे महिन्यातली. आदल्या आठवड्यात वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येऊन गेला होता. बाजारात मुळशीकडची एक बाई बसते. वयाने माझ्याच आसपासची, डोक्यावर पदर, पुढ्यात कधी नाचणी, कधी अळू, कधी आंबे. त्या दिवशी तिच्यापुढे कैऱ्यांचे दोन ढीग होते. एक क्रेटमध्ये नीट लावलेला, भाव साठ रुपये किलो. दुसरा गोणपाटावर नुसता ओतलेला, भाव तीस. मी दोन्हींतली एकेक कैरी हातात घेतली. दोन्ही हिरव्या, दोन्ही टणक. मग दुप्पट पैसे कशाला द्यायचे?

मी गोणपाटाशी बसून निवडू लागले, तशी ती म्हणाली, ‘ताई, लोनच्याला घेताय का? मग ह्या नगा घेऊ. वाऱ्यानं पडलेल्या हायेत. ह्यांची आंबोशी चांगली व्हईल. लोनच्याला त्या क्रेटातल्या घ्या, पोरानं झेल्यानं उतरवल्यात.’

आता बघा हं माणसाचे मन कसे चालते ते. बाई स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, की हा माल त्या कामाचा नाही. आणि मी मनात म्हणते आहे, ‘वा! महागाचा ढीग खपवायची युक्ती बरी आहे!’ मी हसून म्हटले, ‘असू दे हो, मला कळतं त्यातलं. पंचवीसनं द्या, पाच किलो घेते.’ ती माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग काही न बोलता तिने तागडीत कैऱ्या भरल्या. पंचवीस रुपये वाचवून मी घरी आले, आणि ह्यांना मोठ्या फुशारकीने हिशेब सांगितला.

लोणचे मी अगदी साग्रसंगीत घातले. फोडी पुसायचा माझा हात तर तीस वर्षांचा! एक लिटर शेंगदाण्याचे तेल, मोहरीची डाळ, मेथी, चांगला हिंग, तिखट. बरणीला धुरी दिली. दादरा बांधताना सासूबाईंची आठवण येऊन डोळ्यांत पाणीसुद्धा आले. आणि मग तीन आठवडे मुरायचीही वाट न पाहता मी लहान लहान बरण्या भरून वाटत सुटले. एक मुलीकडे बंगळूरला, एक बहिणीकडे नाशिकला, एक शेजारी. ‘आईंच्या हातचं नाही, पण त्यांच्या बरणीतलं आहे,’ असे प्रत्येकीला सांगितले.

पहिला फोन बंगळूरहून आला. ‘आई, झाकण उघडलं तर फस्स असा आवाज आला. वर फेसही आलाय. असं असतं का गं?’ मी म्हटले, तुमच्याकडची हवाच दमट. दोन दिवसांनी नाशिकहून बहीण म्हणाली, फोडी अगदी लोण्यासारख्या झाल्या आहेत. ते तिने तारीफ म्हणून सांगितले की काय, हे मला अजूनही कळलेले नाही. शेजारणीने तर बरणीच परत आणून दिली, रिकामी आणि लखलखीत घासलेली. ‘आवडलं का?’ म्हणून विचारले, तर ‘हो, छान होतं,’ असे जिन्याकडे पाहत म्हणाली.

मग मी आमची बरणी उघडली. वर पांढरी साय धरली होती, आंबूस वास येत होता आणि चमच्याने दाबली की फोड पिठासारखी बसत होती. सगळेच्या सगळे लोणचे टाकून द्यावे लागले. ह्यांनी बरणी धुवायला मदत केली. एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

खरे म्हणजे दोष कुणाचा हे मला तिथेच कळायला हवे होते. पण छे! मी एका डबीत चार फोडी पुरावा म्हणून ठेवून घेतल्या होत्या. बाजाराच्या दिवशी ती डबी घेऊन तरातरा गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिच्यापुढे उघडून धरली. ‘असला माल विकता? लोकांचं वर्षाचं लोणचं नासवता?’ माझा आवाज बराच चढला असावा, कारण शेजारचा कांदेवाला तागडी हातात धरून तसाच उभा राहिला.

तिने डबी घेतली. वास घेतला. फोड बोटाने दाबून पाहिली. एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत दिले, आणि मग शांतपणे म्हणाली, ‘ताई, ह्या त्या वाऱ्यात पडलेल्या. पाच किलो न्हेल्या व्हत्या तुमी. मी म्हनले व्हते, लोनच्याला नगा घेऊ.’

तिच्या आवाजात ना राग होता ना विजय. तो असता तर मला भांडता आले असते. मी नुसती उभी राहिले. तिने एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि म्हणाली, ‘बसा.’

मी बसले. आणि मग जे सासूबाईंना तीस वर्षांत मी विचारले नव्हते, ते मला त्या बाजारात पालथ्या क्रेटवर बसून शिकायला मिळाले. झाड उंच, ती म्हणाली. एवढ्या वरून फळ खाली आले, की साल फुटत नाही, वरून डाग दिसत नाही, पण आत मार बसतो. दोन दिवसांनी तिथे मऊ पडते. उतरवलेल्या कैरीला देठ असतो, पडलेलीचा देठ तुटून तिथे तोंड उघडे राहते. लोणच्याच्या कैरीला बाठा धरलेला हवा. कोयीला सुरी मारली की कट्ट वाजली पाहिजे. कोवळी असली तर फोड विरघळते, पाडाला आली असली तर गोडसर होऊन आंबते. पडलेल्या कैऱ्यांत तर सगळ्याच वयाच्या असतात, कारण वारा निवडून पाडत नाही.

‘मग त्या वाऱ्यात बरंच नुकसान झालं असेल तुमचं,’ मी काहीतरी बोलायचे म्हणून बोलले.

‘एका राती निम्मं झाड खाली आलं, ताई,’ ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला अळूची जुडी बांधून देऊ लागली.

निम्मे झाड म्हणजे तिचे वर्षाचे निम्मे आंबे. ते ती गोळा करून, टेम्पोचे भाडे भरून, तीस रुपयांना विकायला बसली होती, आणि विकताना गिऱ्हाइकाला त्यातला दोषही सांगत होती. आणि मी त्यातले पाच रुपये कमी करून घेतले होते. वाचकहो, त्या दिवशी ‘माझं चुकलं’ हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर आले नाहीत. मी एक जुडी अळू घेतले, सांगितले तेवढे पैसे दिले आणि डबी पदराखाली लपवून घरी आले.

घरी आल्यावर थोडे वाचून, थोडे विचारून मी ह्या विषयाचा पाठपुरावा केला. ‘लोणचे’ हा शब्दच मुळी लवणावरून आला आहे, म्हणजे ह्यात खरा कारभारी मीठ. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढून घेते, त्यालाच आपण खार सुटला म्हणतो. एवढ्या खारट आणि कैरीमुळे एवढ्या आंबट पाण्यात नासवणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. वरचे तेल हवा अडवते, त्यामुळे बुरशीला वाढता येत नाही. मोहरी वाटली की ‘चढते’, म्हणजे तिच्यातले झणझणीत तेल मोकळे होते. ते नाकाला झोंबते तसे जंतूंनाही झोंबते. पण ही सारी फौज तेव्हाच उपयोगी, जेव्हा फोड आतून धड असेल. मार लागलेल्या जागी फळाच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, त्यांना सांधणारा चिकट पदार्थ विरघळू लागलेला असतो, आणि आंबवणारे जंतू तिथे आधीच बिऱ्हाड करून बसलेले असतात. वरून कितीही हिंगाची धुरी द्या, फस्स आवाज हा यायचाच.

पुढच्या महिन्यात मी त्या बाईंचा फोन नंबर मागून घेतला. म्हटले, ‘पुढच्या वर्षी लोणच्याच्या कैऱ्या तुमच्याकडूनच घेईन. उतरवलेल्या.’ ती ‘बरं’ म्हणाली. असे सांगणारी गिऱ्हाइके रोज दहा येत असतील.

आता २०२५ चा मे महिना आठवा. पावसाने काय घाई केली होती! वीस तारखेच्या आसपास आमच्याकडे पाऊस सुरूही झाला होता. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबईत येऊन थडकला. रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच! सासूबाई असत्या तर त्यांनी पंचांगकर्त्याला पत्र घातले असते. पण ह्या सगळ्याच्या आधीच, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, एका संध्याकाळी माझा फोन वाजला.

‘ताई, वळखलं का? मुळशीची. रोहिनीची वाट बघू नगा. यंदा आभाळ लई लवकर भरतंय. येत्या बाजाराला उतरवून आनते, चालंल न्हवं?’

मी गोंधळले. रोहिणीच्या आधी लोणचे? तीस वर्षांत आमच्या घरात असे झाले नव्हते. ‘पण बाठा धरलाय का?’ मी विचारले. पलीकडे ती हसली असावी. ‘धरलाय. कोयता मारून बघितलाय. कट्ट वाजतंय.’

बाजाराच्या आदल्या रात्री पाऊस आला, आणि वाराही. मला झोप लागेना. ह्यांनी विचारले, ‘काय झालं?’ मी म्हटले, ‘झाड.’ त्यांनी पुढे काही विचारले नाही.

सकाळी बाजारात चिखल झाला होता. निम्मी माणसे आलीच नव्हती. नऊ वाजले, दहा वाजले, तिची जागा रिकामीच. कांदेवाला म्हणाला, घाटाकडे फार पाऊस आहे, आज नाही यायची ती. मी उगाचच दोनदा कांदे घेतले. साडेदहाला टेम्पो आला. ती उतरली, पदराचा बोळा करून तोंड पुसले, आणि ताडपत्रीखालून दोन क्रेट खाली घेतले.

‘पहाटं झाड ओलं व्हतं,’ ती म्हणाली. ‘पोराला म्हनलं, नगं चढू. त्यो म्हनला, तू शब्द दिलायस न्हवं?’

ओल्या झाडावर चढलेला तिचा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. पाच किलो कैऱ्यांसाठी! पहिल्या क्रेटमध्ये त्या होत्या, देठासकट, कुठे एक पानही चिकटलेले. भाव ऐंशी रुपये. मी पैसे मोजून दिले. मग दुसऱ्या क्रेटकडे पाहिले. रात्रीच्या वाऱ्याने पडलेल्या होत्या. कुणी त्यांच्याकडे वळत नव्हते.

‘ह्या कशा दिल्या?’

‘चाळीस.’

‘तीन किलो द्या.’

तिने तागडी हातात घेतली, आणि मग थांबून माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘ताई, ह्या लोनच्याला न्हाईत बरं का!’

आम्ही दोघीही हसलो. मी पुष्कळ हसले, इतकी की डोळे पुसावे लागले. मागच्या वर्षी न म्हटलेले ते दोन शब्द मी तेव्हा म्हटले. तिला ते ऐकू गेले की नाही कोण जाणे, कारण ती वजन करत होती.

आता ज्यांना कृती हवी त्यांच्यासाठी सांगते. यंदा मी ‘लागेल तितकं’ म्हणाले नाही, सगळे तोलून घेतले. कैऱ्या पावसात भिजलेल्या होत्या, म्हणून त्या धुऊन, पुसून, चादरीवर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवल्या. सकाळी फोडी केल्या, कोयीतले बी काढून टाकले आणि बाठ्याचे टणक कवच फोडीला राहू दिले. एक किलो फोडींना दोनशे ग्रॅम मीठ. ते आधी कढईत कोरडेच गरम करून निववले, म्हणजे त्यातला दमटपणा जातो. निम्मे मीठ आणि दोन चमचे हळद फोडींना चोळून रात्रभर ठेवले. सकाळी खार सुटला. मग उरलेले मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, पाऊणशे ग्रॅम तिखट, एक मोठा चमचा मेथी तेलात तळून कुटलेली आणि दोन चमचे हिंग, सगळे त्या खारासकट कालवले. पाव लिटर तेल चांगले तापवून पूर्ण गार केले, आणि बरणी भरल्यावर वरून ओतले. फोडी तेलाखाली बुडाल्या पाहिजेत, एकही डोके वर काढता कामा नये. दिसली तर आणखी तेल तापवून, गार करून घालावे. आठ दिवस रोज कोरड्या चमच्याने खालीवर करावे, आणि महिनाभर कुणी मागितले तरी देऊ नये. शेवटचा नियम सगळ्यात अवघड.

आणि पडलेल्या कैऱ्या? आंबोशीला कडक ऊन लागते, आणि ऊन कुठे होते! म्हणून मार लागलेला भाग कापून टाकला, निम्म्यांचा गूळ घालून मेथांबा केला आणि निम्म्या उकडून पन्ह्यासाठी गर काढला. दोन्ही पदार्थ शिजवायचे आणि लवकर संपवायचे, तेव्हा तिथे पडलेल्या कैऱ्यांचे काही अडत नाही. मेथांबा आठ दिवसांत फस्त झाला.

लोणचे बंगळूरला गेले, नाशिकला गेले. झाकण उघडताना आवाज झाला नाही, असे दोन्हीकडून मुद्दाम कळवण्यात आले. शेजारणीने बरणी अजून परत केलेली नाही, आणि हीच मी सगळ्यात मोठी पावती समजते. एक बरणी मी बाजारात नेली. तिने तिथेच फडक्यातली भाकरी सोडली, फोड मोडून खाल्ली, डोळे मिटले आणि निकाल दिला, ‘मीठ बराबर हाये. मेथी जरा जास्त तळलीय, ताई.’ घरी येऊन ह्यांना सांगितले, तर म्हणाले, ‘मलाही तेच वाटलं होतं. पण मी कोण सांगणारा?’

तर असे हे लोणचे. आता दिवाळी आली आहे, कैरीचे दिवस गेले. पण लिंबाचे आहेत. उन्हाळ्यात ज्या लिंबाचा भाव ऐकून घाम फुटतो, ते पावसाळा सरल्यावर हाताशी येते. कागदी लिंबे घ्या, पातळ सालीची, पिवळी, डाग नसलेली. धुऊन, पुसून, एकेकाच्या आठ फोडी करा, बिया काढा, किलोला दोनशे ग्रॅम मीठ लावून काचेच्या बरणीत भरा आणि पंधरा दिवस उन्हात ठेवून रोज हलवा. साल मऊ झाली, की मग तिखट, मेथी, हिंग आणि आवडत असेल तर गूळ. कार्तिकात बाजारात आवळेही दिसू लागतील.

आणि घेताना त्या पुढ्यात बसलेल्या माणसाला एकदा विचारा, ‘हे कशाला चांगलं?’ तो सांगेल ते ऐका. मी येत्या बाजाराला लिंबे आणायला जाणार आहे. मुळशीच्या बाईंना फराळाचा डबा द्यायचा आहे. अनारसे ठेवीन म्हणते, पण जरा धाकधूक वाटते. त्यातही काहीतरी जास्त तळले गेले असेल, आणि ती ते सांगितल्याशिवाय राहायची नाही.